बर्फातली बोट



मी अलिबागची. पावसाळा लागला की गेटवे-मांडवा लाँच बंद, हे आम्हाला बाराखडीसारखं पाठ. त्यामुळे स्टॉकहोमला, फेब्रुवारीत, हेलसिंकीच्या बोटीचं तिकीट काढताना खिडकीतल्या मुलीला मी विचारलं, "समुद्र गोठला तर?" तिला प्रश्नच कळेना. "बोट रोज जाते," ती म्हणाली.

संध्याकाळी बोट सुटली तेव्हा अंधार पडला होता. बोट कसली, दहा मजली चाळच! पण पहिले काही तास ती बेटांच्या गर्दीतून अंग चोरून जाते. या द्वीपसमूहात लहानमोठी बेटं आणि खडक धरून सुमारे ३०,००० ठिकाणं मोजली आहेत. मी डेकवर नाक लाल होईतो उभी राहिले. काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. मग उमगलं, समुद्राचा वासच नव्हता! आपल्या अरबी समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम मीठ असतं. इथे जेमतेम पाच-सहा. नद्या सतत गोडं पाणी आणून ओततात आणि बाहेरचं खारं पाणी डेन्मार्कजवळच्या चिंचोळ्या सामुद्रधुन्यांतून मोठ्या मुश्किलीनं आत शिरतं. मीठ कमी, म्हणून हा समुद्र लवकर गोठतो.

मध्यरात्रीच्या सुमारास बोट मारिएहाम्नला थांबली. हे ऑलंड बेटांचं गाव. बेटं फिनलंडची, भाषा स्वीडिश. चढणारे-उतरणारे मोजकेच, मग थांबायचं कशाला? तर दारूसाठी! युरोपीय संघात आपापसातल्या प्रवासावरची करमुक्त विक्री १९९९ साली बंद झाली, पण ऑलंड संघात असूनही त्याच्या करव्यवस्थेबाहेर आहे. तिथे बोट टेकली की बोटीवरचं दुकान करमुक्त. कायद्याला इतकी अदबीनं बगल दिलेली मी दुसरीकडे पाहिली नाही.

पहाटे जाग आली ती आवाजानं. जात्यात खडे अडकावेत तशी घरघर, आणि मध्येच एक दणका. उशीखाली बर्फ फुटत होता. वर जाऊन पाहिलं तर पांढऱ्या पठारातून एक काळी वाट गेलेली, आदल्या बोटींनी फोडून ठेवलेली. आमची बोट मुकाट्यानं तीच वाट धरून चालली होती.

हेलसिंकीच्या तोंडाशी सुओमेनलिन्ना आहे. १७४८ साली स्वीडननं बांधायला घेतलेला सागरी किल्ला. बोट त्याच्या तटाला जवळजवळ खेटून जाते. मला कुलाबा किल्ला आठवला. पण इथे किल्ल्यात आजही शेकडो माणसं राहतात, आणि त्यांची लाँच बर्फातूनही बारा महिने चालते.

उतरल्यावर धक्क्याजवळच्या जुन्या बाजारात तळलेले सिलक्का खाल्ले. मांदेलीची आठवण व्हावी असे बारके, कुरकुरीत मासे. फक्त वरून मीठ मागून घ्यावं लागलं.