श्वास सोडा, आवाज येईल



संयोजकांनी सांगितलं, 'शाळेनंतर काय केलंस ते पाच मिनिटांत सांग.' मी ओरडण्याविषयी बोलणार आहे. हसू नका! हजेरीला मी 'हजर' इतकं हळू म्हणायचे, की बाई गैरहजेरी मांडायच्या आणि शेजारची उठून सांगायची, "बाई, ही आलीये!"

चाळिशीत लेकीला कराटेच्या वर्गाला सोडता सोडता मीच नाव घातलं. हातपाय वळू लागले, पण ठोशाबरोबर द्यायची आरोळी काही निघेना. जपानीत तिला 'किआइ' म्हणतात. 'कि' म्हणजे प्राणशक्ती, 'आइ' म्हणजे जुळणं. मला वाटायचं, हा समोरच्याला घाबरवायचा देखावा. आपण कशाला ओरडायचं?

एकदा जोडीने सराव करताना समोरच्या मुलीचा हलकासा ठोसा पोटात बसला आणि मी मटकन खालीच बसले. सर म्हणाले, "ताई, घाबरून तुम्ही श्वास आत ओढलात. पोट सैल राहिलं. त्या क्षणी श्वास सोडायचा."

मग उलगडा झाला. जोरात श्वास सोडला की पोटाचे स्नायू आवळतात, धड घट्ट होतं. पायांतून, कमरेतून आलेला जोर मुठीपर्यंत पोचतो आणि आलेला मारही सोसतो. श्वास कोंडला की खांदे ताठरतात, दम लवकर लागतो. आवाज हा श्वास सुटल्याचा पुरावा! मात्र तो घशातून नाही, पोटातून काढायचा. नाहीतर दुसऱ्या दिवशी घसा बसलाच. शिवाय प्रत्येक ठोशाला ओरडायचं नसतं. शोतोकान कराटेतल्या 'हेइआन शोदान' या काताच्या २१ हालचालींत किआइ फक्त दोनदा येतो. केंदोत तर फटका अचूक बसला, तरी त्यात किआइ नसेल तर गुण मिळत नाही.

खरं तर हे आपल्याला मैदानावर ठाऊकच होतं. चढाईला गेलेला 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहतो, तेव्हा त्याने मध्ये श्वास घेतलेला नाही हे पंचांना आवाजावरूनच कळतं. घण मारणाराही घावाबरोबर 'हं' करतोच की!

दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी घरी परतताना एकाने माझी पर्स ओढली. शिकलेला एकही ठोसा आठवला नाही. पण श्वास कोंडला नाही. पोटातून असा आवाज निघाला, की रस्त्यावरची माणसं वळली आणि तो पर्स सोडून पळाला. घरी आल्यावर बराच वेळ हात थरथरत होते. पण आवाज माझाच होता.

आता दर रविवारी मी मुलींना शिकवते. पहिल्या दिवशी आरोळी द्यायला सांगितली की त्या तोंडावर हात ठेवून हसतात. 'हळू बोल' ऐकतच वाढलेल्या असतात ना, माझ्यासारख्या! म्हणून ठोसा नंतर. आधी पोटावर हात ठेवून श्वास सोडायचा. दोन-तीन आठवड्यांत आवाज आपोआप येतो. एखादीचा पहिल्यांदा येतो, तेव्हा सगळा वर्ग टाळ्या वाजवतो.

बाई, आज तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. तेव्हाची राहिलेली हजेरी आज देते. कान सांभाळा!

हजर!