सर्व संतांच्या सणाची पूर्वरात्र
(रेडिओवरील भाषण, बडोदे)



ऑक्टोबर महिना सरत आला, की अलीकडे आपल्या बडोद्यातील काही इंग्रजी शाळांतून, मॉलमधून आणि नव्या सोसायट्यांच्या आवारांतून हॅलोविन नावाच्या एका पाश्चात्त्य उत्सवाची चाहूल लागते. कागदी सांगाडे टांगले जातात, कोरलेले भोपळे मांडले जातात, आणि ३१ तारखेला मुलांना भुताचा, चेटकिणीचा अथवा पिशाच्चाचा वेष देऊन पाठवावे, असा निरोप घरोघर येतो. पुष्कळ पालक हा निरोप मुलांची गंमत म्हणून स्वीकारतात. परंतु अनेक ख्रिस्ती घरांत तो वाचल्यावर आईवडील विचारात पडतात, आणि काही तर त्या दिवशी मूल शाळेत न पाठविण्याचाच निर्णय करतात. शेजाऱ्यांना याचे नवल वाटते. सण विलायतेकडून आला, तिकडचा धर्म ख्रिस्ती, तेव्हा हा सण यांचाच असणार, असे त्यांचे सरळ अनुमान असते. आणि ‘तुमच्याच सणाला तुमचीच मुले कशी नाहीत?’ या त्यांच्या निष्कपट प्रश्नाचे उत्तर जिन्यात उभ्या उभ्या देता येत नाही. ते उत्तर सावकाश द्यावे, आणि त्याबरोबरच आम्हा ख्रिस्ती पालकांवर जी एक जबाबदारी येते तिचाही विचार करावा, म्हणून आजचे हे भाषण.

शेजाऱ्यांच्या अनुमानात सत्याचा मोठा अंश आहे. ज्यांनी श्रद्धेपायी प्राण दिले त्या हुतात्म्यांचे एकत्र स्मरण करण्याची प्रथा ख्रिस्ती मंडळीत फार प्राचीन आहे. सातव्या शतकाच्या आरंभी पोप चौथे बोनिफेस यांनी रोम येथील पँथिऑन हे पुरातन देवालय पवित्र मरिया आणि सर्व हुतात्मे यांच्या नावे समर्पित केले. आठव्या शतकात पोप तिसरे ग्रेगरी यांनी सेंट पीटरच्या महामंदिरात सर्व संतांसाठी एक स्वतंत्र प्रार्थनास्थान उभारले. आणि नवव्या शतकात १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा सण म्हणून पश्चिम युरोपात रूढ झाला. पुढे दहाव्या शतकाच्या अखेरीस क्लूनी मठाचे अधिपती ओदिलो यांनी त्याच्या दुसऱ्या दिवशी सर्व मृत श्रद्धावंतांचे स्मरण करण्याचा शिरस्ता घालून दिला, आणि तो अन्य मठांतून सर्वत्र पसरला. हॅलोविन ही सर्व संतांच्या सणाची पूर्वरात्र होय. मध्ययुगीन इंग्लंडात या सुमारास गोरगरीब दारोदार जात, घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत आणि मोबदल्यात लहानशी गोड पोळी स्वीकारीत. आयर्लंड व स्कॉटलंड या मुलखांत ख्रिस्तपूर्व काळापासून हाच काळ वर्षाच्या अंधाऱ्या अर्ध्या भागाचा आरंभ मानला जाई, आणि या रात्री मृतात्मे व अद्‌भुत योनी मोकळ्या फिरतात अशी तेथील लोकांची समजूत होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बटाट्याच्या दुष्काळाने गांजलेले आयरिश लोक लक्षावधींच्या संख्येने अमेरिकेस गेले, तेव्हा त्यांनी हे रिवाज बरोबर नेले. मायदेशी सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत, अमेरिकेत त्यासाठी भोपळा सोयीचा ठरला. आणि विसाव्या शतकात मिठाईच्या व वेषभूषांच्या व्यापाऱ्यांनी या रात्रीला आजचे रूप दिले.

या दीर्घ प्रवासात जे घडले त्याची माझ्या मनाला खरी खंत वाटते. जगाने पूर्वरात्र ठेवून घेतली आणि तिच्यामागून उगवणारा दिवस टाकून दिला. प्रार्थना गेली, मिठाई राहिली. संत विस्मृतीत गेले, सांगाडे राहिले. शेजाऱ्यांना ज्या सणावर आमचा हक्क वाटतो, त्यातील आमचा म्हणावा असा भागच त्यात आज शिल्लक उरलेला नाही.

ख्रिस्ती कुटुंबांच्या संकोचाचे एक कारण हे आहे. दुसरे शास्त्राधाराचे आहे. जुन्या करारातील ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकात शकुन पाहणे, जादूटोणा करणे आणि मृतांना पाचारण करणे यांना स्पष्ट मनाई आहे, आणि ज्या घरात सायंप्रार्थनेच्या वेळी ते पुस्तक उघडले जाते, त्या घरातील आईला आपल्या सहा वर्षांच्या मुलीला हौसेने चेटकीण म्हणून सजविणे जड जाते. तिसरे कारण आपल्या देशातील वस्तुस्थितीचे आहे. भूत आणि चेटकीण ही अमेरिकेतील मुलांना कदाचित केवळ सोंगे वाटत असतील. आपल्याकडे अद्यापही एखाद्या निराधार बाईला चेटकीण अथवा डाकीण ठरवून छळल्याच्या वार्ता येतात, आणि म्हणूनच महाराष्ट्राला २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा करावा लागला. ज्या शब्दाने माणसांचे प्राण गेले, त्याचे कौतुक मुलांपुढे करू नये, असे एखाद्या पालकाला वाटले, तर त्याला संकुचित म्हणणे न्यायाचे होणार नाही.

तथापि याच विषयावर आमच्यात मतभेद आहेत, हेही सांगितले पाहिजे. सगळ्या मंडळ्या आणि सगळी कुटुंबे या सणाचा निषेध करतात असे नाही. मुलांच्या खेळाला खेळ समजून सोडून द्यावे, असे म्हणणारे श्रद्धावान पालकही आहेत. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात अशाच प्रसंगाचा विचार केला आहे: कोणी एखादा दिवस विशेष मानतो, कोणी सर्व दिवस सारखे मानतो, प्रत्येकाने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी आणि दुसऱ्याच्या विवेकबुद्धीचा न्यायाधीश होऊ नये, असा त्याच्या उपदेशाचा आशय आहे. जो भाग घेतो त्याने न घेणाऱ्यास हसू नये आणि जो घेत नाही त्याने घेणाऱ्यास पापी ठरवू नये, एवढे पथ्य पाळले तर या बाबतीतील पुष्कळशी तकरार आपोआप मिटेल.

बडोद्यात राहणाऱ्याला या प्रश्नाचा आणखी एक पैलू सहज दिसतो. त्याच सुमारास आपल्या शेजारी काळी चौदस येते. त्या रात्री गुजराती घरांतील स्त्रिया वडे तळून चौकात नेऊन ठेवतात, भोवती पाण्याचे वर्तुळ काढतात आणि मागे वळून न पाहता परततात. घरातील कलह व अरिष्ट बाहेर घालविण्याचा हा विधी होय. रावपुऱ्यातील आणि दांडिया बाजारातील मराठी घरांत नरक चतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान होते, कारीट पायाखाली फोडले जाते आणि दिवे उजळतात; २०२४ साली तर हे स्नान नेमके ३१ ऑक्टोबरलाच आले होते. हे विधी ख्रिस्ती माणूस करीत नाही. परंतु अरिष्ट घराबाहेर जावे आणि घरात प्रकाश यावा, या त्यांमागील आकांक्षेचा आदर त्याने मनापासून केला पाहिजे. आणि मृतांच्या स्मरणाचे म्हणाल, तर श्रीमंत सयाजीराव महाराजांनी आपल्या पूर्वजांचे स्मारक म्हणून बांधविलेले कीर्तिमंदिर याच शहरात उभे आहे, आणि त्याच्या भिंतींवर नंदलाल बोस यांच्यासारख्या श्रेष्ठ चित्रकाराने आपली कला ओतली आहे. गेलेल्यांचे स्मरण भयाने न करता सौंदर्याने आणि कृतज्ञतेने करावे, हा धडा बडोदेकरांना परक्या मुलखातून आणण्याची गरज नाही.

आता आम्हा ख्रिस्ती पालकांच्या जबाबदारीकडे वळतो. नुसत्या नकाराने मुलाचे समाधान होत नाही. सगळी आळी नटूनथटून बाहेर पडली असता ज्या मुलाला दार लावून घरात बसविले जाते, त्याच्या मनात त्या रात्रीविषयी कुतूहल आणि आपल्या धर्माविषयी खिन्नता यांखेरीज काय उरणार? हा अनुभव मराठी ख्रिस्ती समाजाने एकोणिसाव्या शतकातच घेतला आहे. ज्यांचे बारा महिने व्रतांनी, उत्सवांनी आणि कुळाचारांनी भरलेले होते, ती माणसे बाप्तिस्मा घेताच एकाएकी रिकाम्या पंचांगापुढे उभी राहिली. आणि मिशनऱ्यांनी दिलेली परदेशी चालींची गीते ती पोकळी भरून काढण्यास असमर्थ ठरली. कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले, ते या गरजेतून. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि १९१९ मध्ये ते निवर्तले. त्या अवघ्या चोवीस वर्षांत त्यांनी आपल्या समाजाला भजने, अभंग आणि कीर्तने यांचे एवढे भांडार दिले, की आजही मराठी उपासना त्यांच्या शब्दांवाचून पुरी होत नाही. त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पूर्णत्वास नेले. जुने सोडले तर त्याच्या जागी तितकेच रसपूर्ण नवे दिले पाहिजे, हे या दांपत्याने ओळखले होते, आणि हॅलोविनच्या बाबतीत आम्ही त्यांच्याच मार्गाने जावे असे मला वाटते.

ही तजवीज अन्यत्र झालेली आहे. १९५० साली अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरात क्लाइड ॲलिसन या प्रेस्बिटेरियन पाळकांच्या पत्नी मेरी एमा ॲलिसन यांनी आपल्या मुलांना हॅलोविनच्या रात्री दारोदार पाठविले, ते मिठाई मागण्यासाठी नव्हे, तर दुधाच्या रिकाम्या खोक्यांत युनिसेफसाठी नाणी गोळा करण्यासाठी, म्हणजे युद्धाने होरपळलेल्या देशांतील बालकांना दूध मिळावे म्हणून. पहिल्या वर्षी सतरा डॉलर जमले. आणि त्यातून पुढे असंख्य अमेरिकन बालकांनी उचलून धरलेला उपक्रम उभा राहिला. २००२ साली पॅरिसच्या कॅथलिक धर्मप्रांतात त्याच रात्री तरुणांचा ‘होलीविन्स’ हा गीतांचा आणि प्रार्थनेचा उत्सव सुरू झाला. आज अनेक देशांतील धर्मग्रामांत त्याच नावाने मुले भुतांऐवजी संतांचे वेष घेऊन एकत्र जमतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांना तर ३१ ऑक्टोबरचे आणखी एक महत्त्व आहे. १५१७ साली याच दिवशी मार्टिन लूथरने आपले ९५ सिद्धांत पुढे मांडले, आणि धर्मसुधारणेचा दिन म्हणून तो पाळला जातो.

आपल्याकडे ही पूर्वरात्र संतांच्या स्मरणाने साजरी करायला सामग्रीची वाण नाही. बडोद्याच्या फत्तेगंजातील सेंट जेम्स चर्चचे समर्पण १८२५ साली बिशप रेजिनल्ड हेबर यांच्या हस्ते झाले. तेव्हापासून किती पिढ्यांनी तेथे गुडघे टेकले! वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया १५९७ साली जपानात नागासाकी येथे क्रुसावर हुतात्मा झाले आणि १८६२ मध्ये संत म्हणून घोषित झाले; त्यांची कथा आमच्या शब्बाथ शाळेतील किती मुलांना ठाऊक आहे? पंडिता रमाबाईंचे गुजरातवर तर थेट ऋण आहे. १९०० साली छप्पन्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भीषण दुष्काळात गुजरातेतील शेकडो अनाथ मुली व स्त्रिया यांना त्यांनी केडगावच्या मुक्तिसदन या आपल्या आश्रमात आणून अन्न, विद्या आणि उद्योग दिला. त्यांनी मूळ भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ साली छापून पुरे झाले. आणि चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ राखलेला आहे. पांढरे पातळ नेसून हाती पुस्तक घेतलेली एखादी दहा वर्षांची मुलगी ही कथा आपल्या सवंगड्यांना सांगेल, तेव्हा तिला वेष घेण्याची हौसही भागेल आणि अभिमानाने सांगावे असे काही मिळेल.

माझी सूचना अशी, की ३१ तारखेच्या संध्याकाळी प्रत्येक मंडळीने मुलांचा असा एक मेळावा भरवावा. त्यात वेष असावेत, गाणी असावीत, टिळकांच्या धर्तीचे एखादे कीर्तन असावे, भरपूर खाऊ असावा, आणि शेजारच्या हिंदू, मुसलमान, पारशी मुलांना अगत्याचे आमंत्रण असावे. दुसऱ्या दिवशी, किंवा कॅथलिक घरांतून २ नोव्हेंबरला, मुलांना घेऊन दफनभूमीत जावे. वसईच्या गावांत त्या दिवशी कबरी फुलांनी आणि मेणबत्त्यांनी सजतात; तेथील मुलांना मृत्यूची ओळख सांगाड्यातून होत नाही, आजीच्या नावाच्या दगडावर फूल ठेवताना होते. मृतांसाठी प्रार्थना करावी की त्यांच्याबद्दल देवाचे आभार मानावे, याविषयी कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांची मते भिन्न आहेत, आणि प्रत्येकाने आपल्या मंडळीच्या रीतीप्रमाणे वागावे. परंतु त्यांची नावे उच्चारावीत, त्यांनी काय सोसले व काय दिले ते मुलांना सांगावे, याला कोणाचीच हरकत नसावी. आणि ॲलिसन बाईंप्रमाणे त्या दिवशी मुलांच्या हातून एखाद्या अनाथालयासाठी अथवा रुग्णालयासाठी काही जमवावे.

शाळांच्या चालकांना माझी विनंती आहे, की असा कार्यक्रम करायचाच असेल, तर कोणता वेष घ्यावा याची मुभा मुलांना ठेवावी आणि न येणाऱ्या मुलाला वर्गापुढे कारण विचारू नये. नडियादेस जन्मलेल्या सरदार वल्लभभाईंची जयंती ३१ ऑक्टोबरचीच आहे, याचेही गुजरातेतील शाळांनी त्या वेळी स्मरण ठेवावे. ख्रिस्ती पालकांनी, आपला नकार शाळेला कळवायचा असल्यास, तो सौम्य शब्दांत आणि अगोदर कळवावा. त्यात दुसऱ्याच्या सणाची निंदा अथवा आपल्या पवित्रतेची प्रौढी यांचा लवलेश नसावा.

भीतीचे बीज कोणत्याही मुलाच्या मनात आपोआप रुजते. पूर्वजांविषयीची कृतज्ञता मात्र वडील माणसांनी हातात हात धरून शिकवावी लागते. ते काम आम्ही मनापासून केले, तर यापुढे शेजारीण जेव्हा विचारील, की तुमची मुले त्या रात्री कोठे असतात, तेव्हा आम्हाला संकोचाने खुलासा करण्याचा प्रसंग येणार नाही. ‘आमच्याकडे या, तुमच्या मुलांनाही घेऊन या,’ असे आम्ही तिला आनंदाने म्हणू शकू. यंदा आपल्या मंडळीत हा आरंभ करावा, एवढी माझी सर्व ख्रिस्ती पालकांस आग्रहाची प्रार्थना आहे.