‘बालबोध’कार विनायक कोंडदेव ओक
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा सारांश)



मुलाला वाचता येऊ लागले की शाळेचे काम झाले, असे आपण पुष्कळदा मानतो. परंतु त्या मुलाने वाचावे काय, हा प्रश्न तेथूनच सुरू होतो. या प्रश्नासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्या विनायक कोंडदेव ओक यांचे आज स्मरण करावयाचे आहे.

ओकांचा जन्म १८४० साली रत्नागिरी जिल्ह्यातील हेदवी या गावी झाला. शिक्षण खात्यात त्यांनी प्रथम शिक्षक म्हणून व पुढे शाळा तपासणारे अधिकारी म्हणून काम केले. मराठीत मुलांची पुस्तके त्यापूर्वीही होती. सदाशिव काशीनाथ छत्रे यांचे ‘बाळमित्र’ १८२८ साली प्रसिद्ध झाले होते. पण पुस्तक एकदा वाचले की संपते. वाचनाची सवय लागावयाची तर नवा मजकूर नियमाने हाती पडला पाहिजे. ओकांनी १८८१ साली सुरू केलेल्या ‘बालबोध’ मासिकाने ही उणीव भरून काढली. नावही किती समर्पक! बालांना बोध, आणि मोडीहून निराळी अशी छापील देवनागरी, तीही बालबोधच.

चरित्र, कविता, निबंध, शास्त्रीय माहिती आणि किरकोळ गमतीचा मजकूर, असा मासिकाचा आराखडा होता. यातील बहुतेक लेखन ओक स्वतःच करीत. तेहेतीस वर्षांहून अधिक काळ, १९१४ साली देहावसान होईपर्यंत, हे व्रत त्यांनी सांभाळले. त्यांनी लिहिलेली लघुचरित्रेच चारशेच्या घरात जातात. भाषा साधी, वाक्ये आटोपशीर. आज त्यांचा उपदेश काहीसा उघड वाटेल. परंतु मुलांसाठी लिहिणे हे दुय्यम काम नव्हे, ही त्यांची निष्ठा जुनी झालेली नाही.

त्यांच्यानंतर मासिक फार काळ चालले नाही.  एका व्यक्तीच्या खांद्यावर उभे असलेले कार्य त्या व्यक्तीबरोबर थांबते, हा यातील धडा आहे. म्हणून ही जबाबदारी संस्थांनी उचलली पाहिजे. शाळेला पुस्तके मिळतात, त्यांची नोंद होते, आणि हिशेब चुकू नये म्हणून कपाटाला कुलूप लागते. पुस्तक फाटले तर चालेल, पण न वाचता राहू नये, असे शिक्षकाला निर्धास्तपणे म्हणता आले पाहिजे. तपासणी अधिकाऱ्यांनी आणि पंचायतीने त्याला तेवढे अभय द्यावे. ओकांचे याहून उचित स्मारक दुसरे नाही.