पेपर कुणाच्या बापाचा?

मी गोदीत ओझी वाहतो, रात्री कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. माझा बापही गोदीतच होता. परदेशी कागदाची रिळं जहाजातनं उतरवायचा. म्हणायचा, "कोरा कागद लई जड असतो रं. छापला की कवडीमोलानं जातो." त्याला वाचता येत नव्हतं. तो कागद पुढं कुणाच्या हातात जातो, हे शोधायचं काम माझ्याकडं आलं. तेवढंच आज सांगतो.

बोरीबंदरसमोरचा तो पेपर ३ नोव्हेंबर १८३८ ला निघाला. नाव 'बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स'. नावातच व्यापार, लपवाछपवी नाही. १८६१ ला त्याचा 'टाइम्स ऑफ इंडिया' झाला. पुढं बेनेट आणि कोलमन ह्या दोन गोऱ्यांची नावं कंपनीला लागली. साहेब गेले, पाटी राहिली.

१९४६ साली रामकृष्ण दालमियांनी कंपनी घेतली. तेव्हा आपल्या ताब्यातल्या बँकेचे आणि विमा कंपनीचे पैसे फिरवून हा सौदा जमवला गेला, असं पुढं व्हिव्हियन बोस आयोगाच्या चौकशीत निघालं. विम्याचा पैसा म्हणजे कुणाचा? पोटाला चिमटा घेऊन हप्ता भरणाऱ्याचा. त्याला कुणी विचारलं नाही, बाबा, तुझ्या पैशातून पेपर घेऊ का? विमा कंपनीच्या पैशाच्या अफरातफरीत दालमिया तुरुंगात गेले. पेपर जावयाकडं, शांतिप्रसाद जैनांकडं गेला. घरातल्या घरातच!

१९६९ साली मुंबई हायकोर्टानं संचालक मंडळ बाजूला सारून नवं बसवलं. १९७६ साली, ऐन आणीबाणीत, कंपनी पुन्हा जैन घराण्याच्या हाती आली.

मधे १९७२ साली सरकारनं कागदाच्या टंचाईचं कारण देऊन दहा पानांची मर्यादा घातली. कंपनी सुप्रीम कोर्टात गेली आणि जिंकली. निकाल बरोबरच होता. सरकारनं कुणाची पानं मोजू नयेत. आज त्यांची मोजील, उद्या आपली. पण दोस्तांनो, वाढलेल्या पानांवर काय छापायचं, हे ठरवतो कोण? तो खटला कुठल्या कोर्टात उभा राहतो?

ह्या शतकात तर कंपनीनं जाहिरातीच्या बदल्यात दुसऱ्या कंपन्यांचे शेअर घ्यायला सुरुवात केली. आता साधा हिशोब करा. ज्या कारखान्याचा शेअर माझ्या पेटीत, तिथल्या कामगाराचा संप मी पहिल्या पानावर छापीन काय?

त्या पेपरात चांगले, हिमतीचे पत्रकार झालेत. मी त्यांना शिव्या देत नाही. पण पत्रकार पगारी असतो, आमच्यासारखाच. मालक वेगळा.

'मूकनायक' निघाला ३१ जानेवारी १९२० ला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. पैसा तिथंही लागलाच. पण कुणी दिला आणि कशासाठी दिला, ते जगाला ठाऊक आहे.

म्हणून पेपर जरूर वाचा. रोज वाचा. फक्त बातमीच्या आधी मालक वाचा. आणि आपल्या ह्या चार पानांनाही तोच प्रश्न विचारा. कागदाचे पैसे कुणी दिले, ते आम्ही सांगितलं नाही, तर आमचीही कॉलर धरा.

जय भीम.