कुसकुस : रव्याच्या घरातलाच पाहुणा

(दिल्लीत चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज गौरीपुढे आंब्याची डाळ आहे, पन्हं आहे आणि त्यांच्या शेजारी मी एक परक्या नावाची कोशिंबीर आणून ठेवली आहे. तिचं नाव कुसकुसचं सॅलड. हा विषय निवडायला एक कारण घडलं. आपल्यापैकी बऱ्याच जणांना डॉक्टरांनी ‘साखर सांभाळा’ असं बजावलं आहे. मग कुणीतरी सांगतं, भात सोडा, कुसकुस खा. आयएनए मार्केटमधून पाकीट येतं, रव्याच्या कितीतरी पट पैसे मोजले जातात आणि ताट भरून कुसकुस खाल्ला जातो. त्यात तथ्य किती, आणि या पदार्थाचा खरा उपयोग कसा करायचा, एवढंच आज सांगणार आहे.

कुसकुस हे वेगळं धान्य नाही. शेवया आणि पास्ता ज्या कठीण, ड्युरम जातीच्या गव्हाच्या रव्याचा करतात, त्याच रव्याच्या या बारीक गोळ्या. परातीत रवा घ्यायचा, पाण्याचा हबका मारायचा, वरून थोडं पीठ भुरभुरायचं आणि तळहाताने गोल गोल फिरवत राहायचं. दाणे धरले की चाळायचे. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, मॉरिटानिया या देशांतलं हे रोजच्या घरातलं अन्न. तिथले मूळचे अमाझिघ लोक त्याला सेक्सू म्हणतात. तेराव्या शतकातल्या तिकडच्या पाककृतींच्या ग्रंथांतही तो सापडतो. खाली भाजी किंवा मटणाचा रस्सा उकळत ठेवायचा, वर भोकांच्या भांड्यात कुसकुस ठेवून त्याच वाफेवर दोन-तीनदा वाफवायचा आणि मधे मधे काढून हाताने मोकळा करायचा. आपलं मोदकपात्रच म्हणा ना! शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर सगळं घर एका थाळ्याभोवती बसून तो खातं. २०२० साली युनेस्कोने या चारही देशांची ही परंपरा मानवी वारशाच्या यादीत घेतली.

मला सर्वांत जवळची वाटली ती एक गोष्ट. तिथे बायका एकत्र जमून वर्षाचा कुसकुस वळतात, वाळवतात आणि भरून ठेवतात. आपल्या आया-आज्या याच दिवसांत गच्चीवर शेवया, कुरडया, सांडगे घालत होत्या. त्यामुळे मी या पाहुण्याला परका मानत नाही.

आता साखरेचं. १०० ग्रॅम कोरड्या कुसकुसमध्ये साधारण ३७५ कॅलरी, ७७ ग्रॅम कर्बोदकं आणि १२-१३ ग्रॅम प्रथिनं असतात. आपला रवाही याच्या आसपासच. म्हणजे वाडगाभर कुसकुस खाणं हे वाडगाभर उपमा खाण्यासारखंच झालं. भाताला रजा देऊन कुसकुस भाताएवढाच खाल्ला तर फारसं काही साधत नाही. साधतं ते त्यात घातलेल्या भाज्यांमुळे. म्हणून माझा एकच नियम आहे : एक वाटी कुसकुसला तीन ते चार वाट्या भाजी. याच्या उलट प्रमाण झालं तर तो सांजा झाला, सॅलड नव्हे.

कृती चार जणांची सांगते. एक वाटी, म्हणजे सुमारे १५० ग्रॅम कुसकुस मोठ्या पातेल्यात घ्या. त्यात मीठ आणि चमचाभर तेल घाला. एक ते सव्वा वाटी उकळतं पाणी ओता, झाकण ठेवा, गॅस लावू नका. पाकिटातला कुसकुस आधीच वाफवून वाळवलेला असतो, त्याला शिजवायचं नसतं, फक्त फुगू द्यायचं. सात-आठ मिनिटांनी काट्याने मोकळा करा आणि ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना भाजी मिसळली तर तिला पाणी सुटतं आणि सगळा लगदा होतो.

भाज्या मोसमातल्या घ्या. मटार एक वाटी. दिल्लीत चैत्रात मटार संपत आलेले असतात, तेव्हा जून दाण्यांपेक्षा फ्रोझन बरे. मटार आणि बारीक चिरलेली अर्धी वाटी फरसबी खारट उकळत्या पाण्यात तीन मिनिटं ठेवून लगेच गार पाण्यात टाका, हिरवा रंग टिकतो. एक काकडी बिया काढून, एक गाजर, चार मुळ्याच्या चकत्या, मूठभर कांद्याची पात. नैवेद्याला ठेवायचं असेल तर पात वगळा. अर्धी वाटी उकडलेले काबुली चणे घातले की प्रथिनांची बाजू भक्कम होते. पुदिना आणि कोथिंबीर मिळून भरपूर एक वाटी. लेबनॉनच्या तबुलेत तर मुख्य घटक पार्सलीची पानंच असतात आणि दलियासारखा बुलगूर नावापुरता. तोच धडा आपण घ्यायचा.

वरून तीन चमचे तेल, ऑलिव्ह असो वा आपलं शेंगदाण्याचं, दोन लिंबांचा रस, मिरपूड, मीठ. कैरी बाजारात आली असेल तर दोन चमचे किसून घाला आणि एक लिंबू कमी करा. शेवटी भाजलेले शेंगदाणे किंवा बदामाचे काप. अर्धा तास मुरू द्या. चार जणांत वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला साधारण एक ते दीड पोळीच्या पिठाएवढा कुसकुस येतो आणि पोट मात्र भाजीने भरतं. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

दोन सावधगिरीच्या गोष्टी. पालेभाजी आणि कच्ची भाजी तीन-चार पाण्यांतून धुवा, शेवटचं पाणी पिण्याचं असू द्या. आणि इकडच्या उन्हाळ्यात हे सॅलड तासाभरापेक्षा जास्त बाहेर ठेवू नका. डब्यात न्यायचं तर काकडी आणि लिंबू वेगळे न्या, ऑफिसात फ्रिज असेल तर त्यात ठेवा आणि आयत्या वेळी कालवा. ज्यांना गहू वर्ज्य आहे त्यांना कुसकुसही वर्ज्यच. त्यांनी मोकळी शिजवलेली वरी घ्यावी, फार छान लागते.

जाता जाता, बदलीवर एकटेच आलेले आपले सहकारी इथे बसले आहेत, त्यांच्यासाठी. रात्री नऊला घरी पोचून कुकर लावायचा कंटाळा येतो आणि बाहेरून काहीतरी मागवलं जातं, हे मला ठाऊक आहे. एक किटली आणि एक सुरी एवढ्यावर हे जेवण होतं. भाऊजी, पाककृती लिहून घ्यायची लाज वाटत असेल तर स्मरणिकेत छापून येईलच, पण भाजी चिरायची तुम्हालाच!

वाट्या भरून ठेवल्या आहेत. आधी डाळ आणि पन्हं घ्या, मग पाहुण्याची चव बघा.