कुंपणात वीज सोडू नका



ज्वारी निसवली, हरभऱ्याला घाटे धरले की रानडुकरं शिवारात उतरतात. रात्र-रात्र जागून माणूस मेटाकुटीला येतो, हे आम्ही बांधावर पाहतो. पण म्हणून कुंपणाच्या तारेत लाईनची वीज सोडू नका. त्या तारेला डुक्कर कळत नाही, तसा माणूसही कळत नाही. पहाटे पाणी द्यायला निघालेला आपलाच पोरगा तिला चिकटू शकतो. शिवाय तो गुन्हा आहे.

आपल्याकडे ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला; त्याच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत आपला मेळघाट होता. पण जनावराला अभयारण्याची हद्द कुठे कळते? ते शिवारात येणारच. म्हणूनच सरकार पिकाची भरपाई देते.

मग करायचं काय?

१. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांच्या आत जवळच्या वन अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज द्या. पोच घ्या. सातबारा जोडा.

२. पंचनामा होईपर्यंत मोडलेलं पीक काढू नका.

३. जमल्यास चार-पाच जणांनी मिळून सौर कुंपण करा. त्याच्या यंत्रातून थांबून-थांबून क्षणभराचा झटका बसतो. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. तारेला गवत टेकलं की झटका कमी पडतो, म्हणून खालचं तण काढत राहा.

राखण जरूर करा, पण जीव राखून करा.