पोटांतील बिऱ्हाडकरू

जंत म्हणतांच घरोघरच्या वडीलधाऱ्या बायकांना मुलांचें रात्रीं दांत खाणें आठवतें. त्या दोहोंचा संबंध सिद्ध झालेला नाहीं. जंतांची खरी हानि मुकी असते, आणि म्हणूनच ती अधिक गंभीर.

अंकुशकृमीचेंच उदाहरण घ्यावें. १८८० च्या सुमारास स्वित्झर्लंडांतील सेंट गॉटहार्ड बोगदा खणणारे मजूर पांढरेफटक पडूं लागले, तेव्हां तुरिनच्या पेरोन्चितो यांनीं त्याचें कारण आंतड्यांतील या कृमींत शोधून काढलें. पुढें कैरो येथें आर्थर लूस यांच्या हातावर अळ्यांचें पाणी सांडलें आणि कांहीं काळानें त्यांच्याच विष्ठेंत कृमींचीं अंडीं सांपडलीं. हा चोर तोंडावाटे नव्हे, तर कातडींतून, बहुधा अनवाणी पायांतून शिरतो, हें अशा रीतीनें उघडकीस आलें. नेकॅटर जातीचा एक कृमि दिवसाला सुमारें ०.०३ मिलीलिटर रक्त पितो. हें प्रमाण क्षुल्लक वाटतें. पण शंभर कृमि महिन्यास ९० मिलीलिटर रक्त फस्त करतात. वाढत्या मुलास किंवा गर्भवतीस तें कसें परवडावें?

असा बिऱ्हाडकरू वर्षानुवर्षें टिकतो कसा? तो कांहीं द्रव्यें स्रवून यजमानाची प्रतिकारशक्ति शांत ठेवतो. येथूनच एक विलक्षण कल्पना निघाली. क्रोन रोग, अल्सरेटिव्ह कोलायटिस अशा विकारांत प्रतिकारशक्ति स्वतःच्याच आंतड्यांवर उलटते. तिला कृमीच आवरील काय?

२००५ मध्यें अमेरिकेंतील वाइनस्टॉक, समर्स प्रभृतींनीं कोलायटिसच्या रुग्णांस डुकरांतील चाबूककृमीचीं अंडीं पाजून पाहिलीं. हा कृमि माणसांत फार काळ टिकत नाहीं, म्हणून त्याची निवड झाली. अंडीं घेणाऱ्या ३० पैकीं १३ रुग्णांस, तर नुसतें लुटुपुटीचें औषध घेणाऱ्या २४ पैकीं ४ रुग्णांस उतार पडला. २००७ मध्यें अर्जेंटिनांतील कोर्रेआले व फारेझ यांस असें दिसलें कीं, मल्टिपल स्क्लेरोसिसच्या ज्या १२ रुग्णांच्या पोटांत कृमि होते, त्यांचा रोग कृमि नसलेल्यांपेक्षां पुष्कळ कमी वेळां उसळला.

परंतु आशा म्हणजे सिद्धता नव्हे. क्रोन रोगाच्या सुमारें २५० रुग्णांवर झालेल्या मोठ्या प्रयोगांत २०१३ मध्यें असा लाभ आढळला नाहीं. तेव्हां कृमि विकत आणून गिळण्याचें साहस कोणत्याहि रुग्णानें करूं नये. संशोधकांचें लक्ष आतां त्या स्रावांतील द्रव्यांकडे आहे. भाडेकरू नको, पण त्याची युक्ति हवी, असा हा शोध आहे.

भारतांत २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनीं १ ते १९ वर्षें वयाच्या मुलांस शाळांतून व अंगणवाड्यांतून अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. नव्या संशोधनाच्या अर्धवट वार्तेवर विसंबून ती नाकारणें म्हणजे मुलाचें रक्त जाणूनबुजून दान करणें होय. गोळी वेळेवर द्यावी, शौचालय वापरावें, हात साबणानें धुवावे आणि मुलांच्या पायांत चप्पल असावी. विज्ञानाचा निर्णय लागेल तेव्हां लागो. घरचा निर्णय आजच घेतां येतो.